खरवडलेलं नाव

बू मान्सोकने एकतीस वर्षं कोरियाच्या चेजू बेटाला वळसा घालणारी बस चालवली. रस्त्याकडेचे दगड त्याला रोज दिसायचे. कुठे वळणावर, कुठे शेताच्या काळ्या बांधात, कुठे बंद पडलेल्या शाळेच्या फाटकाशी, वरपासून खालपर्यंत अक्षरं कोरलेले उभे दगड. कुणाचे, कशासाठी, ते कधी कळलं नाही. तिथे थांबा नव्हता, आणि थांबा नसेल तिथे मान्सोक ब्रेक लावणाऱ्यातला नव्हता. निवृत्तीनंतर हृदयात दोन स्टेंट बसले. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. मान्सोकला चालण्याचा कंटाळा. त्याने सायकल घेतली आणि दर मंगळवारी एकेक दगड गाठायला सुरुवात केली.

बरोबर सुनबोक असायची. तरुणपणी ती त्याच्याच बसवर कंडक्टर होती. दारात उभी राहून, माणसं आत कोंबून, पत्र्यावर थाप मारून "चला!" म्हणून ओरडायची. पुढे तिचं लग्न झालं, नवरा गेला, आणि आता हाल्लिमच्या बंदरापाशी तिचं शेवयांचं दुकान होतं. मंगळवारी दुकान बंद. वय बासष्ट, जीभ बाविशीतली.

दोघांनी दोन वर्षांत बरेच दगड पालथे घातले. वादळात बुडालेल्या नऊ पाणबुड्या बायकांचा दगड त्यांना मासळीच्या जाळ्यांच्या ढिगामागे सापडला. दुष्काळात आपलं बियाणं वाटून स्वतः उपाशी मेलेल्या एका म्हाताऱ्याचा दगड कोबीच्या शेतात आडवा पडला होता, त्यावर शेतकरी डबा खायला बसायचा. मान्सोक टूथब्रशने शेवाळ काढायचा, चष्मा लावून जुनी चिनी अक्षरं मोठ्याने वाचायचा आणि फोटो घ्यायचा. सुनबोक पिशवीतली तांदळाची दारू काढून घोटभर दगडापुढे ओतायची आणि उरलेली स्वतः प्यायची.

"अगं, परत सायकल चालवायचीय तुला."

"अहो ड्रायव्हर, मेलेल्यांचं तोंड कोरडं ठेवू नये म्हणतात. आणि एकट्याने प्यायला त्यांना तरी बरं वाटेल का?"

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी तीच म्हणाली, "बेटभरच्यांचे दगड झाले. तुमच्या घरचा कधी?"

घरचा दगड सोत्कुलला होता. मान्सोकचा आजा बू सोंगून त्या गावचा. अठ्ठेचाळीस साली सरकारी शिपाई आणि डोंगरातले बंडखोर यांच्यात उडालेल्या धुमश्चक्रीत तो गावच्या रक्षक दलाचा म्होरक्या होता आणि पुढच्या वसंतात दंगलखोरांनी त्याला मारलं. दरवर्षी त्याच्या श्राद्धाला मान्सोकचे वडील एवढंच सांगायचे आणि वर म्हणायचे, "गावाने दगड उभारलाय." मग आपण बघायला जाऊ या, असं पोरांनी म्हटलं की वडील उठून अंगणात जायचे. मान्सोक जन्मण्याआधीच ते गाव सोडून किनाऱ्यावर आले होते. सोत्कुलला बस जात नव्हती, म्हणून मान्सोकलाही तिकडे जाण्याचं कारण पडलं नव्हतं.

चढ मोठा होता. संत्र्यांच्या बागा लगडल्या होत्या, वर गवताला चंदेरी तुरे आले होते आणि वारा समोरून छातीत धक्के देत होता. दोन वेळा उतरून सायकली ढकलाव्या लागल्या. गावात माणूस दिसेना. शाळा केव्हाच बंद पडलेली, पटांगणात कुणीतरी पांढऱ्या कांद्याची रोपं लावलेली. दगड पटांगणाच्या मागच्या कडेला, काटेरी जाळीत.

मान्सोकने जाळी बाजूला केली आणि त्याचे हात तिथेच थांबले. दगडाच्या मधोमध मोठी अक्षरं होती. त्यातलं वरचं 'बू' शाबूत. खालची दोन अक्षरं कुणीतरी छिन्नीने ठेचून ठेचून खड्डे पाडून ठेवली होती. एका दिवसाचं काम नव्हतं ते. काही घाव जुने, शेवाळलेले, काही ताजे, पांढरे.

"कुणी केलं असेल हो?" सुनबोकचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता.

मान्सोकच्या कानशिलावरची शीर उडायला लागली. तो तसा भडक डोक्याचा. बसमध्ये दारुड्यांना मानगूट धरून खाली उतरवायचा. त्याने बाटलीतलं पाणी दगडावर ओतलं, ब्रशने घासलं आणि बाजूच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवून अख्ख्या गावाला ऐकू जावं अशा आवाजात वाचलं, "आपल्या गावाचे रक्षण करताना दंगलखोरांच्या हातून वीरमरण! पोटच्या पोरासारखे गाव सांभाळणाऱ्या या शूराचे..."

"काय लिहिलंय?"

बांधापलीकडे एक म्हातारा उभा होता. वाळका, कमरेत वाकलेला, हातात जाळी तोडायचा कोयता. कांग तोक्सू त्याचं नाव, हे त्यांना नंतर कळलं.

"काका, हे असं कुणी केलं, ठाऊक आहे तुम्हाला?" मान्सोकने विचारलं.

"काय लिहिलंय म्हणालास? परत वाच."

"गावाचं रक्षण करताना..."

"रक्षण," म्हातारा म्हणाला. "रक्षण लिहिलंय होय तिथं." तो बांधावरून अलीकडे उतरला. "तू कोण?"

"नातू आहे मी त्यांचा. आणि ज्या डुकराने माझ्या आज्याचं नाव फोडलंय..."

"मी फोडलंय."

मान्सोकने पुढचं काही ऐकलं नाही. त्याने म्हाताऱ्याची कॉलर धरली, दोनदा गदागदा हलवला आणि ढकलून दिला. म्हातारा पाठीवर बांधाच्या दगडांवर आदळला. हाड आपटल्याचा आवाज सुनबोकने ऐकला. "अहो, म्हातारा माणूस आहे!" ती ओरडेपर्यंत तोक्सू उठलाही होता. अठ्ठ्याहत्तर वर्षांचं ते शरीर कसं उठलं कोण जाणे. त्याने कोयता सरळ मान्सोकच्या मानेवर घातला. मान्सोकने डावा हात आडवा टाकला, म्हणून मान वाचली. कोयता खांद्याखाली शिरला आणि कोपरापर्यंत मांस उघडत गेला. मान्सोकला दुखलं नाही, फक्त हात एकदम गरम झाला. तोक्सूने कोयता पुन्हा उचलला. त्याच्या तोंडातून शब्द येत नव्हते, नुसता घुरघुर आवाज येत होता. सुनबोकने सायकलीचा पंप उपसला आणि होतं नव्हतं ते बळ लावून त्याच्या मनगटावर हाणला. एकदा, आणि कोयता सुटेना म्हणून पुन्हा एकदा. मनगट मोडलं. कोयता कांद्याच्या रोपांत जाऊन पडला.

मग तिघंही खाली बसले. मान्सोकच्या बाहीतून रक्त बोटांवर येऊन जमिनीत मुरत होतं. सुनबोकने गळ्यातला रुमाल सोडून त्याच्या काखेत आवळून बांधला. तिचं तोंड चालूच होतं, "मरू नका हं ड्रायव्हर, उतार आहे पुढे, चढ संपलाय, एवढं चढून आता कोण मरतं का."

रस्त्यावरून संत्र्यांचा टेम्पो जात होता, तो तिने आडवा होऊन थांबवला. टेम्पोवाल्याने रक्त पाहिलं आणि काही न विचारता मागचं फाळकं उघडलं. मान्सोकला चढवल्यावर ती तोक्सूकडे वळली. तो मोडका हात मांडीवर घेऊन बसला होता.

"चला, चढा."

"मी नाही येत."

"मनगट मी मोडलंय, जोडायला नेणारही मीच. उगाच नखरे करू नका, काका. चढा!"

ती जुनी कंडक्टरची हाक असावी. म्हातारा चढला.

टेम्पोत क्रेटच्या मधल्या जागेत मान्सोक आडवा पडला होता. त्याच्या पायाशी तोक्सू टेकून बसला. शहरातलं हॉस्पिटल पंचवीस मिनिटांवर. टेम्पो उताराला लागला. मग तोक्सूने कुणी न विचारताच सुरुवात केली.

"मला वाचता येत नाही. त्या शाळेत मी पुन्हा पाय टाकला नाही. नाव तेवढं एकाला विचारून ठेवलं होतं, ही दोन अक्षरं त्याची म्हणून. बाकी काय लिहिलंय, आज कळलं." त्याने श्वास घेतला. "मी आठ वर्षांचा. बाप डोंगरात पळालेला. जे पळाले नव्हते ते आधीच मारले गेले होते, म्हणून पळाला. शिपायांनी गाव पटांगणात गोळा केलं. तुझ्या आज्याच्या हातात यादी. ज्या घरातलं माणूस गायब, त्या घरानं पुढं यायचं. आम्ही तिघं गेलो. आई, तोगिलदादा आणि मी. दादा चौदाचा."

मान्सोकने डोळे मिटले होते. तो ऐकतोय की नाही, हे तोक्सूने पाहिलं नाही.

"शिपाई बंदूक भरत होता. तुझा आजा म्हणाला, गोळ्या कशाला फुकट घालवता? त्यानं दादाच्या हातात बांबूचा भाला दिला. म्हणाला, बाप रानडुक्कर निघाला. तू त्याचं पिल्लू नाहीस, ते दाखव. आईला मार. नाहीतर आधी ह्या धाकट्याला घेतो."

"काका, पुरे," सुनबोक म्हणाली.

"आई म्हणाली, तोगिल, डोळे मीट. जोरात मार, बाळा, हळू मारू नकोस. दादानं मारला. भाला शिरेना. परत मारला. आठ वेळा, नऊ वेळा. आई पडली तरी सांगत होती, जोरात. पोट फाटलं, पण जीव जाईना. आणि गावाला हुकूम होता, टाळ्या वाजवा. जो वाजवणार नाही, तो पुढचा." त्याने सुजून काळं पडलेलं मनगट दुसऱ्या हाताने उचललं. "मी वाजवल्या. लोक थांबले, तरी मी वाजवतच होतो. कुणीतरी माझे हात धरले."

टेम्पो खड्ड्यातून गेला. दोन संत्री घरंगळत मान्सोकच्या रक्तात येऊन थांबली.

"आणि दादा?" सुनबोकने विचारलं.

"वसंतात त्यानं ह्याच्या आज्याला झऱ्यावर गाठलं. पाणी प्यायला वाकला होता. दगडानं डोकं ठेचलं. मेल्यावरही ठेचत राहिला. पळाला नाही, तिथंच बसून राहिला. दुसऱ्या दिवशी त्याला भिंतीशी उभा केला. दंगलखोर म्हणे! मिशी फुटली नव्हती त्याला."

हॉस्पिटलात मान्सोकला एकेचाळीस टाके पडले. कोयत्याची जखम पाहून डॉक्टरांनी पोलिसांना कळवलं. एक तरुण हवालदार वही घेऊन आला.

"सायकलवरून पडलो," मान्सोक म्हणाला.

"कोयत्यावर?"

"तो खाली होता. मी वर पडलो."

शेजारच्या खाटेवर हाताला प्लास्टर घातलेला तोक्सू ताडकन उठून बसला. "खोटं बोलतो तो. मी मारला. मान तोडायची होती, हात मधे आला."

हवालदाराने दोघांकडे पाहिलं, मग सुनबोककडे.

"म्हातारपणी असं होतं," ती म्हणाली. "एकाला आठवत नाही, दुसऱ्याला जास्त आठवतं."

मान्सोकने तक्रार दिली नाही. का दिली नाही, हे सुनबोकने विचारलं तेव्हा तो म्हणाला, "माहीत नाही. आधी हात मी टाकला." रात्री मात्र त्याला झोप लागेना. म्हातारा खोटं बोलत असेल, असं तो स्वतःला सांगून पाहायचा. पण खोटं बोलणारा माणूस टाळ्यांचं कशाला सांगेल?

आठवड्याने तो वृद्धाश्रमात गेला. त्याचे वडील अठ्ठ्याऐंशी वर्षांचे, उजवी बाजू लुळी, पण शुद्धीवर. खिडकीपाशी खुर्चीत बसवलेले. त्यांनी मुलाचा झोळीतला हात पाहिला.

"काय झालं?"

"सोत्कुलला गेलो होतो, बाबा."

वडिलांनी तोंड फिरवलं. मान्सोक थांबला नाही. आई, दोन पोरं, भाला, टाळ्या, सगळं त्याने सांगितलं आणि शेवटी विचारलं, "हे खरं आहे का?"

वडील वाकड्या तोंडाने, एकेक शब्द ओढत बोलले. "भाला मी दिला."

"काय?"

"मी अठराचा होतो. भाल्यांची मोळी माझ्याजवळ. बाबा म्हणाले, एक काढ. मी चाचपून चाचपून... बोथट होता तो दिला. वाटलं, शिरणार नाही. मग सोडून देतील." त्यांचा चांगला हात खुर्चीच्या दांड्यावर आपटायला लागला. "सोडलं नाही. टोकदार दिला असता, तर एका घावात गेली असती. तिचा आवाज... मान्सोक, मी चांगलं करायला गेलो होतो रे."

मान्सोकने त्या हातावर आपला हात ठेवायला हवा होता. त्याला ते जमलं नाही. तो उठून बाहेर गेला.

टाके निघाल्यावरच्या मंगळवारी तो सोत्कुलला निघाला. "मी एकटा जातो," म्हणाला. सुनबोकने तिची सायकल आधीच बाहेर काढून ठेवली होती.

तोक्सू दगडापाशीच होता. प्लास्टर अजून उतरलं नव्हतं. डाव्या हाताने तो जाळीच्या मुळ्या उपटत होता. मान्सोकने सायकल आडवी टाकली आणि नमस्कार-चमत्काराच्या भानगडीत न पडता वडिलांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. बोथट भाला मुद्दाम दिला होता, आणि का दिला होता, तेही.

तोक्सू हळूहळू सरळ झाला, जितका होता येत होता तितका. त्याने डाव्या हाताने मान्सोकच्या तोंडात मारली. मान्सोक हलला नाही. दुसरी मारली, ओठ फुटला. तिसरी मारली तेव्हा सुनबोक पुढे झाली. मान्सोकने तिला मागे सारलं. चौथ्यांदा उचललेला हात तोक्सूने वरच ठेवला, आणि मग त्याच्या तोंडून रडं फुटलं, लहान मुलाचं असतं तसं, नाकातोंडातून वाहणारं. "सत्तर वर्षं मला वाटायचं, दादाच्यात जोर नव्हता. दादाही तेच मनात घेऊन मेला. तो शेवटपर्यंत म्हणत होता, तोक्सू, माझ्या हातात जोर नव्हता रे."

वारा कांद्याच्या पातीतून सळसळत होता. सुनबोकने पिशवीतली बाटली काढली, पण ओतावी कुणापुढे हे तिला कळेना. तिने ती तशीच हातात धरून ठेवली.

थोड्या वेळाने तोक्सूने बाहीने नाक पुसलं. "ते रक्षण कुठं लिहिलंय?"

मान्सोकने बोट ठेवून दाखवलं.

"दोनच अक्षरं?"

"दोनच."

तोक्सू बांधामागे गेला आणि छिन्नी-हातोडी घेऊन आला. अडचण लगेच कळली. त्याचा उजवा हात प्लास्टरमध्ये, मान्सोकचा डावा अजून वर होत नव्हता. एकट्याने कुणालाच जमणार नव्हतं. तोक्सूने खाली बसून डाव्या हाताने छिन्नी त्या अक्षरावर टेकवली आणि हातोडी मान्सोकपुढे केली.

"ठोक."

मान्सोकने हातोडी उचलली. म्हाताऱ्याचा अंगठा छिन्नीच्या माथ्यापासून दोन बोटं खाली होता आणि मान त्याच्याही खाली, उघडी. पहिला घाव हळू पडला.

"जोरात मार," तोक्सू म्हणाला, आणि बोलून गेल्यावर त्याने डोळे मिटले. मान्सोकने दुसरा घाव जोरात मारला. दगडाची कपची उडाली.

असं तासभर चाललं. चेजूचा काळा दगड तसा भुसभुशीत, पण हा कुठूनतरी मुद्दाम आणलेला, कठीण. विसाव्या की पंचविसाव्या घावाला हातोडी निसटली आणि तोक्सूच्या अंगठ्यावर बसली. नख फाटून रक्त आलं.

"झालं!" सुनबोक म्हणाली. "चला, आता फिटंफाट."

"नाही," तोक्सू म्हणाला. त्याने अंगठा तोंडात घालून चोखला, थुंकला आणि छिन्नी परत टेकवली.

त्या दिवशी एकच अक्षर पुसलं गेलं. दुसरं पुढच्या दोन मंगळवारी. बाकीची ओळ त्यांनी ठेवली. आज्याचं 'बू'ही ठेवलं. मान्सोक म्हणाला, "तेही काढू या," तेव्हा तोक्सूने मान हलवली. "गावात बू आडनावाची आणखी घरं होती. मारायला काढलेल्यांच्या ओळीत उभी होती त्यातली काही. त्यांचं नाव कशाला फोडू?"

जानेवारीत मान्सोकचे वडील गेले. वसंतातल्या आज्याच्या श्राद्धाला त्याने पान वाढलं नाही, पण ती पुढची गोष्ट. अंत्यविधीच्या हॉलमध्ये तीन दिवस माणसं येत होती. बसवाले, नातेवाईक, आश्रमातल्या नर्सा. तिसऱ्या दिवशी दुपारी दारात तोक्सू उभा दिसला. जुना कोट, पायांत शेतातलेच रबरी बूट. तो आत आला, फोटोकडे बघत थोडा वेळ उभा राहिला. वाकला नाही, उदबत्ती लावली नाही. लोक एकमेकांकडे बघायला लागले. मान्सोकच्या चुलतभावाने दबक्या आवाजात विचारलं, "कोण रे हा?" मान्सोक म्हणाला, "बाबांच्या गावचा."

तोक्सू मग जेवणाच्या टेबलाशी जाऊन बसला. सुनबोक तिथे वाढायला होती. तिने डुकराच्या रश्श्याचा वाडगा आणि भात त्याच्यापुढे ठेवला. त्याने सगळं संपवलं, अगदी तळाचा घोटसुद्धा. उठला, कोटाची बटणं लावली आणि दारापाशी मान्सोकजवळ क्षणभर थांबला.

"हात वर होतो का आता?"

"खांद्यापर्यंत होतो, काका."

"होईल," तो म्हणाला आणि थंडीत बाहेर पडला.